स्पिंडलच्या पोटात दडलंय काय?

खोक्यातून आत्ताच काढलेलं नवंकोरं ६२०६ बेअरिंग घ्या. आतली रिंग चिमटीत धरा आणि बाहेरची हलवून बघा. हलली ना? लगेच दुकानदाराशी भांडायला निघू नका. साध्या ६२०६ मध्ये गोळ्या आणि रिंगा यांच्यात ५ ते २० मायक्रॉन मोकळीक कारखान्यानंच ठेवलेली असते. आसाच्या दिशेनं हलवलंत तर ती त्याच्या कितीतरी पट जाणवते. स्पिंडलवर दाबून बसवलं की आतली रिंग किंचित फुगते, चालताना तापून आणखी फुगते आणि मोकळीक आपोआप कमी होते.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मिलिंग मशीनची सगळी अब्रू त्या केसाच्या पाव जाडीत अडकलेली असते.

हे मोठ्या कारखान्यातल्या मशीनपुरतंच नाही. गॅरेजमधल्या टेबलावर मावणारी, शांघायच्या सीग कंपनीच्या एक्स-२ जातीची मिनी मिल जगभर निरनिराळ्या रंगांत आणि निरनिराळ्या नावांनी विकली जाते. हौशी लोक तिच्यावर वाफेची छोटी इंजिनं, घड्याळाचे भाग, दुर्बिणीचे माउंट बनवतात. दोनचार वर्षं मजेत जातात. मग जॉबवर लाटा उमटायला लागतात, एंड मिल कुरकुरते आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "बेअरिंग गेलं."

गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

डायल लावल्याशिवाय या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मॅग्नेटिक स्टँड टेबलावर चिकटवा, डायलचं टोक स्पिंडलच्या आतल्या टेपरला टेकवा आणि हातानं स्पिंडल फिरवा. काटा जेवढा झुलेल तो झाला 'आउट'. आता फिरवणं थांबवा. लाकडी दांडक्यानं स्पिंडल एकदा इकडे, एकदा तिकडे रेटा. या वेळी काटा जेवढा सरकेल तो झाला 'प्ले'. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि निम्मा घोळ ती एकच समजण्यानं होतो. आउट बऱ्याचदा टेपरमध्ये अडकलेल्या एखाद्या चिपचं, वाकड्या कोलेटचं किंवा मुळातच तिरक्या ग्राइंड झालेल्या टेपरचं पाप असतं. बेअरिंग बदलून ते जात नाही. प्ले असेल तर बेअरिंगकडे बोट दाखवता येतं. तेही वरचा नट ढिला झालेला नाही याची खात्री करून घेतल्यावरच.

आणि हो, प्ले शोधताना डायलचा स्टँड टेबलाला नव्हे, हेडला लावा. नाहीतर टेबलाचे आणि कॉलमचे ढिले गिबही काट्यावर नाचतात. ढिल्या गिबपायी कित्येक निरपराध बेअरिंगं कचऱ्यात गेली असावीत, असा माझा पक्का संशय आहे.

सा आणि प

सगळ्यात मजेदार भाग हा आहे. ६२०६ मध्ये ९ गोळ्या असतात, प्रत्येकी ९.५२५ मिलिमीटरच्या, म्हणजे बरोबर ३/८ इंची. आतली रिंग स्पिंडलबरोबर फिरते, बाहेरची जागेवर असते आणि गोळ्यांचा पिंजरा स्पिंडलच्या साधारण ४० टक्के वेगानं मागेमागे येतो. स्पिंडल मिनिटाला २४०० फेरे मारत असेल तर पिंजरा सुमारे ९५० फेऱ्यांवर.

आता समजा बाहेरच्या रिंगच्या वाटेवर एक खड्डा पडला. त्या खड्ड्यावरून सेकंदाला सुमारे १४३ गोळ्या जातात. तोच खड्डा आतल्या रिंगवर असेल तर सुमारे २१७. पेटी वाजवणाऱ्यांच्या भाषेत बोलायचं तर पहिला सूर मंद्र सप्तकातल्या पांढरी दोनच्या जरासा खाली, दुसरा पांढरी सहाच्या अगदी जवळ. पांढरी दोनला सा धरा, पांढरी सहा त्याचा पंचम! वेग बदलला तर दोन्ही सूर चढतील-उतरतील, पण त्यांच्यातलं नातं बदलत नाही. गुणोत्तर १.५२ च्या आसपास राहतं. शुद्ध पंचमाचं १.५. म्हणजे बिघडलेलं ६२०६ पंचम किंचित चढा लावतं, एवढंच.

नुसत्या कानाला हे सूर असे सुटे ऐकू येत नाहीत. घरघर ऐकू येते. कंपनं मोजणारी उपकरणं मात्र नेमकं हेच करतात. त्या घरघरीतून सूर वेगळे काढतात आणि बेअरिंग न उघडता सांगतात की खड्डा आतल्या रिंगला आहे की बाहेरच्या. फोनवर ध्वनीच्या लहरी दाखवणारं एखादं अॅप टाकून हौशी माणसालाही प्रयत्न करता येतो. पट्टा आणि मोटर यांचे सूर मध्ये लुडबुडतात, तेव्हा मोटर बंद करून स्पिंडल आपल्या वेगानं थांबत असताना ऐकावं.

आकड्यांची कुंडली

बेअरिंगवरचे शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे आतलं भोक. ०६ म्हणजे ३०, ०७ म्हणजे ३५ मिलिमीटर. हा नियम ०४ पासून पुढे. त्याआधीची चार भावंडं मनमानी: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७.

पहिला आकडा जात सांगतो. ६ म्हणजे साधं डीप ग्रूव्ह, ७ म्हणजे अँग्युलर कॉन्टॅक्ट, ३ म्हणजे बहुधा टेपर रोलर. शेपटीला झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं, टू-आरएस असेल तर रबराची. सी-३ असेल तर मोकळीक नेहमीपेक्षा जास्त, ६२०६ ला १३ ते २८ मायक्रॉन. तापणाऱ्या मोटरला ते उत्तम, म्हणून दुकानात सर्रास तेच हाती येतं. स्पिंडलसाठी ते उचलू नका. फिनिश सुधारायला गेलात आणि आणखी प्ले घेऊन आलात, असं व्हायचं.

अचूकतेची उतरंड वेगळी. साधा वर्ग पी-०, मग पी-६, पी-५, पी-४ आणि शिखरावर पी-२. अमेरिकेत याच पायऱ्यांना एबेक १, ३, ५, ७, ९ म्हणतात. स्केटिंग करणारी पोरं 'एबेक ७' अभिमानानं मिरवतात, पण फुटपाथवरच्या पहिल्या मूठभर धुळीनंतर त्या सात नंबराचं काय उरतं, हे विचारू नये.

खळग्यांचा स्वीडिश साहेब

योहान आउगुस्ट ब्रिनेल नावाच्या स्वीडिश अभियंत्यानं १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात धातूचा कठीणपणा मोजायची युक्ती मांडली: १० मिलिमीटरची गोळी ३००० किलोच्या भारानं धातूवर दाबायची आणि खळगा मोजायचा. बेअरिंग हातोडीनं ठोकणारा प्रत्येक माणूस नकळत हीच चाचणी करत असतो. बाहेरच्या रिंगवर घाव घालून आतली रिंग स्पिंडलवर चढवायला गेलात की प्रत्येक घाव गोळ्यांतून जातो. ९ गोळ्या, ९ खळगे, ४०-४० अंशांवर. मग स्पिंडल हळू फिरवला की बोटांना टकटक लागते. नवं बेअरिंग बसवतानाच जुनं झालं! या प्रकाराला इंग्रजीत ब्रिनेलिंगच म्हणतात.

याचा एक तोतयाही आहे. अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेनं पाठवायला लागले तेव्हा एक मैलही न धावलेल्या गाड्यांची चाकं खडखडत उतरू लागली. डब्याच्या हादऱ्यांनी उभ्या गाडीच्या गोळ्या जागच्या जागी थरथरत होत्या, त्यांच्या खालचं ग्रीस बाजूला सरत होतं आणि धातू धातूला घासत होता. ओळखायची खूण सोपी. ठोकल्याच्या खळग्यात तळाशी ग्राइंडिंगच्या मूळ रेघा दिसतात. थरथरीच्या खळग्यात त्या पुसून जातात आणि बऱ्याचदा तांबूस भुकटी सापडते. बोटीतून, ट्रकमधून हजारो किलोमीटर हादरे खात आलेल्या मिनी मिलचं बेअरिंग पहिल्याच दिवशी कुरकुरलं तर हा संशयित विसरू नका. पंपाशेजारी किंवा कॉम्प्रेसरशेजारी महिनोन्‌महिने बंद उभ्या मशीनलाही हीच बाधा होते. उपाय फुकट आहे: येताजाता स्पिंडल हातानं फिरवून ठेवावा.

ओव्हन, फ्रीज आणि इडलीपात्र

जुनं बेअरिंग काढताना ते वाचवायचा मोह सोडा. पुलर बाहेरच्या रिंगला लावून ओढलं की सगळा जोर गोळ्यांवरच येतो आणि ते पुन्हा वापरण्यालायक राहत नाही. काढलेलं परत बसवायचं नाही, असं ठरवूनच सर्क्लिप काढावी.

बसवताना मात्र भौतिकशास्त्र आपल्या बाजूनं आहे. पोलादाचं ३० मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी जास्त तापवलं की सुमारे २९ मायक्रॉननं मोठं होतं. स्पिंडलवरची पकड यापेक्षा बरीच कमी, काही मायक्रॉनचीच असते. तापवलेलं बेअरिंग हातोडी न लावता 'सुळ्ळ' करून खाली जाऊन बसतं. स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर त्या बाजूनंही सोळा-सतरा मायक्रॉनची सूट मिळते. फक्त बाहेर काढल्यावर त्यावर दवबिंदू धरतात, तेव्हा तेलाचा हात फिरवायला विसरायचं नाही. कोकणातल्या जुलैत तर अजिबातच नाही.

किती तापवायचं? १०० अंशांच्या आसपास. १२० च्या पुढे जायचं नाही, नाहीतर पोलादाचा कठीणपणा आणि मापं दोन्ही हलायला लागतात. रबरी झाकणाचं आणि आत ग्रीस भरलेलं असेल तर ८० अंशांवरच थांबलेलं बरं. कुणी घरचा ओव्हन वापरतं (परवानगी घेऊन), कुणी जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब बेअरिंगच्या भोकाखाली लावून बसतं. इडलीपात्र तापमानाच्या बाबतीत अगदी अचूक, बरोबर शंभर अंश. पण वाफेनं भिजलेलं बेअरिंग म्हणजे गंजाला आमंत्रण. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा रिंगवर गंजून उमटतात, म्हणून नव्या बेअरिंगचा कागद शेवटच्या क्षणी सोडायचा आणि हातमोजे घालायचे.

एक गोष्ट चेष्टेत घेऊ नका. धुतलेलं बेअरिंग एअर गननं गरागरा फिरवून शिट्टी वाजवणं हा वर्कशॉपमधला आवडता खेळ आहे. तेलाविना, भाराविना ते हजारो फेऱ्यांवर जातं, पिंजरा तुटतो आणि गोळ्या सुटतात. हवेनं सुकवायचं असेल तर दोन्ही रिंगा हातात घट्ट धरून सुकवा.

ग्रीस: जास्त तिथे कमी

नव्या हौशी माणसाचा हात ग्रीसच्या डब्यात कोपरापर्यंत जातो. स्पिंडलच्या बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेचा साधारण पाव भाग भरला की पुरे. ठासून भरलेलं ग्रीस गोळ्या घुसळत राहतात आणि बेअरिंग तापतं. ग्रीस म्हणजे बहुतांश तेलच. साबणासारखा एक घट्ट पदार्थ ते धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. लिथियमच्या साबणाचं ग्रीस आणि पॉलियुरियाचं ग्रीस एकत्र केलं तर दोघांचं बिनसून तेल गळून जाऊ शकतं, म्हणून जुनं पूर्ण धुऊन मगच नवं.

डब्यावरचा '२ नंबर' कुठून येतो? ग्रीस २५ अंशांवर ठेवायचं, ६० वेळा घुसळायचं आणि वरून एक ठराविक वजनाचा शंकू सोडून तो ५ सेकंदांत किती रुततो ते बघायचं. साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर रुतला तर २ नंबर. एवढंच.

बदलायचंच तर चांगलं का नको?

इथून वादाला तोंड फुटतं. ७२०६ हे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग मापानं थेट ६२०६ चा जुळा: ३० भोक, ६२ बाहेरचा व्यास, १६ जाडी. काही न कापता जागेवर बसतं. टेपर रोलर ३०२०६ चं भोक आणि व्यास तेच, पण जाडी १७.२५. सव्वा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. मग झाकण बसत नाही आणि स्पेसर खरादावर लावावा लागतो. टेपर रोलर ताकदीचा खरा, पण त्याला चालायला जास्त जोर लागतो आणि तो जास्त तापतो. छोट्या मोटरच्या मिलला मी अँग्युलरच लावा म्हणेन.

या जातीत मोकळीक ठेवतच नाहीत. नट आवळून दोन बेअरिंगं एकमेकांवर दाबतात. याला प्रीलोड म्हणतात आणि इथंच उत्साही माणसं फसतात. बेअरिंग तापलं, फुगलं, त्यामुळे दाब वाढला, त्यामुळे आणखी तापलं. हे चक्र सुरू झालं की स्पिंडल जाम होऊनच थांबतं. थोडं आवळा, चालवा, हात लावून बघा, मग पुन्हा थोडं आवळा. सुरुवातीला कमी वेगावर थोडा वेळ चालवून थांबायचं, मग वेग वाढवायचा. ग्रीस वाटेतून बाजूला होईपर्यंत तापमान चढतं आणि मग स्वतःच उतरतं. हेडवर हात ठेवणं अशक्य झालं, म्हणजे साधारण ६० अंश, की थांबायचं.

अँग्युलर बेअरिंग एकाच दिशेचा जोर घेतं, म्हणून उलटं बसलं तर काहीच पेलत नाही. जोडीनं घेतलेल्या बेअरिंगांच्या बाहेरच्या कडेवर 'व्ही'सारखी खूण असते. दोघांची जोडून ती एकच अखंड 'व्ही' झाली तर जोडी बरोबर लागली. उंची प्रतीच्या बेअरिंगवर आणखी एक इवलासा ठिपकाही असतो: आतल्या रिंगची सर्वात जाड जागा. स्पिंडलवर जिथे डायलचा काटा सर्वात कमी दाखवतो त्या जागेशी तो जुळवला की दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. फुकटात मिळालेले मायक्रॉन!

आणि एवढा खटाटोप का, तर मिलिंगचा भार संथ नसतो. चार धारांची एंड मिल २४०० फेऱ्यांवर जॉबला मिनिटाला ९६०० फटके मारते. त्यात बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात: भार दुप्पट, आयुष्य एक अष्टमांश. हव्यासानं खोल काप घेणाऱ्यांनी हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवावा.

भराभर इतिहास

रोमचा सम्राट कॅलिग्युलाच्या नेमी सरोवरातल्या जहाजांवर फिरत्या लाकडी बैठकीखाली ब्रॉंझच्या गोळ्या सापडल्या. मुसोलिनीनं सरोवर उपसलं तेव्हा, १९२० च्या दशकाअखेर.

वेल्समधल्या फिलिप व्हॉननं १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या ज्यूल स्युरिरेनं १८६९ मध्ये ते सायकलला लावलं आणि त्याच वर्षी पॅरिस ते रूआँ शर्यत जेम्स मूरनं तशा सायकलवर जिंकली.

श्वाइनफुर्टच्या फ्रिड्रिश फिशरनं १८८३ मध्ये गोळ्या एकसारख्या ग्राइंड करणारं यंत्र बनवलं आणि गाव बेअरिंगांची राजधानी झालं. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकन विमानं तिथं बॉम्ब टाकायला गेली; एका दिवसात ६० बी-१७ पडली.

एसकेएफ ही कंपनी मात्र एका गिरणीतल्या वैतागातून जन्मली. स्वेन विंगक्विस्ट गोथेनबर्गच्या कापडगिरणीत देखभालीचा अभियंता. जमीन चिकणमातीची, ती सरकली की शाफ्ट वाकडे आणि बेअरिंगं खलास. त्यानं १९०७ मध्ये स्वतःच्या स्वतः रेषेत येणारं बेअरिंग काढलं. त्या घराण्याची भारतातली शाखा १९६१ मध्ये असोसिएटेड बेअरिंग कंपनी या नावानं निघाली आणि तिचा चिंचवडचा कारखाना पिंपरी-चिंचवडकरांच्या कित्येक घरांत पगार पोचवून गेला.

नाव मोठं झालं की नक्कलही येतेच. खोकं, शिक्का, होलोग्राम सगळं हुबेहूब आणि आत भलतंच काहीतरी, असली बेअरिंगं जगभर पकडली जातात. खोक्यावरचा कोड तपासण्यासाठी बेअरिंग उत्पादकांच्या जागतिक संघटनेचं अॅप आहे. स्पिंडलसाठी पी-५ घेताना भाव फारच गोड लागला तर ते वापरा.

आणि काढलेलं बेअरिंग?

टाकू नका. रिंगा बहुतेक ईएन-३१ जातीच्या पोलादाच्या असतात, एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. लोहार आणि सुऱ्या घडवणारे आनंदानं घेतात. गोळ्या मापाला एवढ्या पक्क्या की वर्कशॉपमध्ये भोकाचा कोन किंवा खाचेची खोली मोजायला गेजसारख्या कामी येतात. आणि घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर फळीला आडवे दांडे ठोका आणि बेअरिंगं चढवून बेअरिंगची गाडी करून द्या. पुढच्या दांड्याला सुतळी बांधायची, म्हणजे वळवता येते. गाडीला चार लागतात आणि मिनी मिलमधून दोनच निघतात. उरलेली दोन जवळच्या गॅरेजवाल्याकडे मागा. प्ले कितीही असू दे, सोसायटीच्या उतारावर आवाज जेवढा जास्त तेवढी गाडी भारी.